वाहनाचा मुक्काम: यवतमाळच्या लेआउटांचा पूर्वेतिहास

यवतमाळ शहरातून आर्णी, दारव्हा, धामणगाव आणि पांढरकवड्याकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या दोन्ही अंगांना गेल्या चार-पाच दशकांत अनेक लेआउट पडले, म्हणजे शेतजमिनीचा वापर अकृषक करून घेऊन तिच्यात रस्ते व भूखंड आखून नवी नगरे वसवली गेली, आणि त्यांपैकी बहुतेकांत आज वाहन उभे करण्याच्या जागेवरून रोजची कुरकुर ऐकू येते. फाटकासमोरची जागा घरमालकाची की सर्वांची, भाडेकरूच्या दुचाकीने रात्र कोठे काढायची, लग्नकार्याला आलेल्या पाहुण्यांच्या गाड्या कोणाच्या भिंतीला लागून उभ्या राहायच्या, अशा साध्या प्रश्नांवरून वर्षानुवर्षांचे शेजारी एकमेकांशी बोलेनासे होतात. याचे खापर सहसा वाहनांच्या वाढलेल्या संख्येवर फोडले जाते, आणि संख्या वाढली हे खरेच आहे. परंतु वाहन ही या जिल्ह्याला नवी वस्तू नाही. कापसाच्या या मुलखात शेतकऱ्याच्या घरी बंडी होती, धुरेसह मोजली तर तिची लांबी आजच्या मध्यम मोटारीहून फारशी कमी भरत नसे, आणि तरीही तिच्या उभे राहण्यावरून गल्ली अडल्याची तक्रार हा वस्तीचा कायमचा प्रश्न झाला नव्हता, कारण तिला जागा देणारी व्यवस्था वस्तीच्या रचनेतच होती. ही व्यवस्था कोणती होती आणि लेआउटच्या नकाशातून ती कशी गळली, हे पाहिल्याशिवाय आजच्या तंट्याचा उलगडा होत नाही.

वऱ्हाडातील जुन्या गावाची जमीन ढोबळमानाने पांढरी आणि काळी अशी विभागलेली असे. पांढरी म्हणजे वस्तीची जमीन, तीच पुढे महसुली भाषेत गावठाण झाली, आणि काळी म्हणजे पिकाची. पांढरीत खातेपीत्या कुटुंबाचे घर वाड्याच्या स्वरूपाचे असे आणि त्याच्या मोठ्या दारातून जुंपलेली बंडी सरळ आवारात जाई. बैल सोडून कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, बांधले जात आणि बंडी जू टेकवून आवारातच उभी राही. लहान शेतकऱ्याच्या घराला आवार नसे, तेव्हा बंडी घराच्या बाजूच्या मोकळ्या तुकड्यावर किंवा गावाच्या कडेला खळ्याजवळ ठेवली जाई. गावाबाहेर आखर असे, म्हणजे सकाळी चरायला निघण्यापूर्वी गावची गुरे जमण्याची सामाईक मोकळी जागा, आणि शेतांकडे जाण्यासाठी पांदण, म्हणजे दोन्ही बाजूंच्या धुऱ्यांमधून गेलेली बंडीची वाट. घराचे आवार, गावाचे आखर आणि शेताची पांदण या तिन्ही जागा मिळून वाहन व जनावर यांच्या येण्याजाण्याची, थांबण्याची आणि वळण्याची सोय होई. यातील समता मात्र अपुरी होती हे नमूद केले पाहिजे: ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांच्याकडे बंडीही नव्हती, आणि गावाच्या कडेला ज्या समाजांना दाटीवाटीने राहावे लागले त्यांच्या वाट्याला आवार कधी आलेच नाही.

बाजारपेठेने हीच व्यवस्था मोठ्या प्रमाणावर राबवली. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचला, पण तो यवतमाळपासून दूर, धामणगावावरून गेला. त्यामुळे सुमारे ४५ किलोमीटरच्या धामणगाव रस्त्याने कापसाच्या बंड्यांची रीघ लागत असे. १९०३ च्या सुमारास मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत अरुंद मापाची रेल्वे आली, जिला पुढे लोकांनी ‘शकुंतला’ म्हणून आपलेसे केले आणि जी किलिक-निक्सन या कंपनीने उभारली होती. तरीही शेतापासून जिनिंगपर्यंत आणि जिनिंगपासून स्थानकापर्यंतची वाहतूक बंडीच करीत राहिली. कापसाचा सौदाही बंडीवरच होई. व्यापारी व अडते बंडीपाशी येत, तीतला कापूस मुठीत घेऊन धाग्याची लांबी व ओल पाहत आणि भाव ठरला की बंडी वजनकाट्याकडे हाकली जाई. म्हणजे कापसाचा बाजार हा मुळात शेकडो बंड्या ओळीने उभ्या राहू शकतील असे पटांगण होते, आणि हे पटांगण राखण्याची गरज वऱ्हाडाने भारतात सर्वांआधी कायद्यात आणली. यवतमाळ जिल्ह्याला लागून असलेल्या कारंजा येथे १८८६ मध्ये नियंत्रित कापूसबाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला, ज्यात बाजाराचा कारभार पाहण्यासाठी नगरपालिका व व्यापारी यांच्या प्रतिनिधींची समिती नेमण्याची तरतूद होती. आजच्या कृषी उत्पन्न बाजार समितीचे हे मूळ रूप होय. वजनातील लबाडी रोखणे हा त्यामागचा मुख्य हेतू असला, तरी बाजाराची हद्द ठरवून तीत वाहनांना उभे राहण्याचा हक्क देणे हा त्याचा तितकाच महत्त्वाचा परिणाम होता, आणि वाहनतळाच्या इतिहासात त्याची नोंद व्हायला हवी.

ही सोय अपुरी पडली म्हणजे काय होते, तेही या जिल्ह्याने पाहिले. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, म्हणजे कापूस विकत घेण्याचा अधिकार शासनाने आपल्याकडे घेतला, आणि खरेदी केंद्रे मोजकी असल्याने हंगामात बंड्यांच्या रांगा केंद्राच्या फाटकाबाहेर, थेट मुख्य रस्त्यावर येऊ लागल्या. शेतकरी बंडीखालीच झोपत, बैलांना तेथेच कडबा टाकत. त्या रांगांची आठवण जिल्ह्यातील वयस्कर शेतकरी आजही हमीभावाच्या जोडीनेच काढतात.

शहराची घडण गावापेक्षा निराळी होती. इंग्रजी अमलात या भागाचा वणी नावाचा जिल्हा होता आणि त्याचे मुख्य ठाणे यवतमाळ येथे होते. १९०५ च्या फेररचनेत वाशीम जिल्हा मोडून पुसद तालुका इकडे आला आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. ठाण्यासाठी सिव्हिल लाईनचा भाग आखला गेला, जेथे अधिकाऱ्यांचे बंगले मोठ्या आवारात रस्त्यापासून मागे सरकवून बांधलेले होते आणि टांगा किंवा पुढे मोटार आवारातच उभी करण्याची सोय होती. व्यापारी पेठेत याउलट दुकान रस्त्याला भिडलेले आणि वर किंवा मागे बिऱ्हाड असे. मेन लाईन, दत्त चौक या भागांत आज जी कोंडी होते तिचे मूळ या रचनेत आहे, कारण पेठेचा रस्ता माणसे व मालाच्या बंड्या यांच्या ये-जा करण्यासाठी होता आणि बंड्यांचा मुक्काम बाजाराच्या पटांगणात होता. १९२२ च्या मध्य प्रांत व वऱ्हाड नगरपालिका कायद्याने नगरपालिकांना वाहने व ओढीची जनावरे यांवर कर बसवता येत असे. वाट अडवणाऱ्या किंवा मोकाट जनावरासाठी १८७१ च्या कायद्याने चालणारा कोंडवाडा होता. जनावर तेथे नेऊन बांधले जाई आणि दंड भरल्यावर सुटे. आज वाहतूक शाखा रस्त्यात अडथळा करणारी गाडी उचलून नेते आणि मालक दंड भरून ती सोडवून आणतो, तेव्हा जुनाच विचार नव्या वाहनाला लागू होत असतो. फरक इतकाच की कोंडवाड्याच्या जोडीला आखर होते.

१९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, त्यानंतरच्या दशकात वस्तीविस्ताराचे आजचे कायदे जन्मले. १९६५ चा नगरपरिषदांचा कायदा, १९६६ चा प्रादेशिक व नगररचना कायदा आणि १९६६ चाच जमीन महसूल संहिता कायदा हे त्यांतील प्रमुख होत. महसूल संहितेच्या कलम ४४ खाली शेतजमीन घरांसाठी वापरायची तर जिल्हाधिकाऱ्यांची किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची परवानगी लागे. तिलाच बोलीभाषेत ‘एन.ए.’ म्हणतात. परवानगीसोबत भूखंडांचा नकाशा मंजूर होई, त्यात आंतररस्ते आणि ठरावीक क्षेत्राहून मोठ्या जमिनीत दहा टक्के खुली जागा, म्हणजे ‘ओपन स्पेस’, दाखवावी लागे. नकाशा मंजूर झाला की शेतात चुन्याच्या रेषा पडत, कोपऱ्यांवर दगड रोवले जात आणि तीस बाय पन्नास फुटांसारख्या मापांचे भूखंड चौरस फुटाच्या भावाने विकले जात. खरेदीदार बहुधा शिक्षक, बँकेचे व सरकारी कचेरीचे कर्मचारी, पोलीस, एस.टी.चे कामगार आणि मुलांच्या शिक्षणासाठी शहरात आलेले शेतकरी असत. १९८९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यानंतर शहराकडे येणाऱ्यांचा ओघ आणखी वाढला.

लेआउटच्या या घरमालकाचे वाहन त्या काळात सायकल होते. बजाजची चेतक आणि कायनेटिकची लुना या दोन्ही गाड्या १९७२ मध्ये आल्या, मारुती ८०० ही १९८३ च्या अखेरीस, आणि कमी इंधनात जास्त पल्ला देणाऱ्या मोटारसायकली १९८५ नंतर. पण यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी शिक्षकाच्या घरी मोटार येण्यास आणखी एक पिढी जावी लागली. सायकल व्हरांड्यात आणि लुना जिन्याखाली मावत असल्याने घराच्या आराखड्यात वाहनासाठी वेगळी जागा धरण्याचे कारण कोणालाच दिसले नाही. येथेच जुनी शिकवण तुटली. ज्या शेतकरी कुटुंबातून हा घरमालक आला होता त्या कुटुंबाने घर बांधताना आधी बंडीचा विचार केला असता, परंतु शहरात बंडी मागे राहिली म्हणून आवारही मागे राहिले, आणि नव्या वाहनाची वेळ आली तेव्हा भूखंड बांधून संपला होता. या पिढीला दूरदृष्टी नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. पगारातून हप्ते फेडणाऱ्या माणसाने न घेतलेल्या मोटारीसाठी शंभर-दीडशे चौरस फूट मोकळे सोडावेत अशी अपेक्षा धरता येत नाही. ही दूरदृष्टी नकाशा मंजूर करणाऱ्या यंत्रणेने दाखवायची होती.

यंत्रणा मात्र हद्दीने दुभंगलेली होती. स्वस्त जमीन नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर असल्याने लेआउट तेथेच पडत गेले आणि लोहारा, उमरसरा, वडगाव, वाघापूर यांसारखी लगतची गावे ग्रामपंचायतीच्याच कारभाराखाली शहर बनली. जनगणनेत याचा पडसाद स्पष्ट दिसतो: यवतमाळ नगरपरिषदेच्या हद्दीत २००१ मध्ये १ लाख २० हजारांहून अधिक लोक होते, तर २०११ मध्ये ही संख्या १,१६,५५१ इतकी, म्हणजे घटलेली, आढळली, आणि लोहारा, उमरसरा व वडगाव यांची गणना जनगणना-नगरांत झाली. जनगणना-नगर म्हणजे लोकसंख्या, घनता व बिगरशेती रोजगार या निकषांवर शहर ठरणारी, पण नगरपरिषद नसलेली वस्ती. शहर वाढत होते आणि नगरपरिषदेतील लोकसंख्या घटत होती, इतका हद्दीचा आणि वस्तीचा संबंध सुटला होता. ग्रामपंचायतीकडे ना नगररचनाकार होता, ना बांधकाम तपासणारा अभियंता. लेआउट पाडणारा भूखंड विकून मोकळा होई आणि रस्ते व खुली जागा रीतसर हस्तांतरित न होता तशीच राहत. पुढे हद्दवाढ होऊन ही गावे नगरपरिषदेत आली, परंतु तोवर घरे उभी राहिली होती, खुल्या जागांवर कोठे मंदिर, कोठे समाजमंदिर झाले होते आणि रस्त्यांची रुंदी ठरून गेली होती.

या रुंदीचा हिशेब एकदा जवळून मांडला पाहिजे. मंजूर नकाशात नऊ मीटर रुंद दाखवलेला आंतररस्ता घेतला, तर दोन्ही बाजूंच्या उघड्या नाल्या मिळून एक-सव्वा मीटर जागा खातात. यवतमाळची जमीन चढउताराची असल्याने आणि पावसाचे पाणी घरात शिरू नये म्हणून जोते उंच घेतले जात असल्याने प्रत्येक फाटकापुढे नालीवरून फरशीचा किंवा सिमेंटचा उतार रस्त्यात आणला जातो. तो दोन्ही अंगांनी मीटर-मीटरभर पुढे आला तरी चालण्याजोगा रस्ता पावणेसहा मीटरांवर येतो. त्यात वॉलकंपाउंडबाहेर लावलेली झाडे, जाळीचे कठडे आणि विजेचे खांब आले. आता एका बाजूला मोटार उभी राहिली की तिची रुंदी व दाराचे अंतर धरून दोन मीटर जातात आणि पावणेचार उरतात, ज्यातून दुसरे वाहन सावकाश जाऊ शकते. समोरच्या घरानेही मोटार लावली की पावणेदोन मीटर उरतात आणि घंटागाडी अडते. १९८९ च्या मार्ग विनियमांनी उभ्या वाहनाच्या समोर दुसरे वाहन उभे करणे आणि कोणाचे प्रवेशद्वार अडवणे या दोन्ही गोष्टींना आधीच मनाई केली होती, पण अशा गल्लीत तो नियम पाळायचा तर निम्म्या घरांनी मोटार बाळगू नये असाच त्याचा अर्थ होतो. स्वतःच्या भूखंडात गाडी घ्यावी म्हटले, तर समोर दहा फूट मोकळी जागा असते आणि सामान्य लहान मोटारही बारा फुटांच्या आसपास लांब असते. बाजूची मोकळी जागा बहुधा जिना, संडास किंवा भाड्याची खोली यांत गेलेली असते.

२०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही यवतमाळला पाणी देणारी धरणे आटली आणि शहर महिनोन्‌महिने टँकरवर जगले, तेव्हा या अरुंद गल्ल्यांचे मोल वेगळ्या रीतीने कळले. टँकर जवळजवळ अडीच मीटर रुंद असतो आणि अग्निशमन गाडीही तितकीच. म्हणून उभ्या वाहनांचा प्रश्न शेजाऱ्यांच्या भांडणापुरता ठेवणे धोक्याचे आहे. रुग्णवाहिका आणि पाणी घरापर्यंत पोहोचते की नाही, हे त्यावर अवलंबून असते.

कायद्याने या प्रश्नाची दखल घेतली ती मुख्यतः सदनिकांच्या इमारतींपुरती. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईतील एका गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात असा निर्णय दिला की इमारतीखालची खांबांमधली जागा बिल्डरला सदनिकेप्रमाणे स्वतंत्रपणे विकता येत नाही, कारण ती सर्वांच्या सामाईक सोयीची आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने उघड्यावरील वाहनतळ सामाईक क्षेत्रात धरला. २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने मुंबई वगळता जवळजवळ सर्व महाराष्ट्राला एकच बांधकाम नियम लागू केले. त्यात मोटारीच्या जागेचे माप अडीच बाय पाच मीटर धरले असून घराच्या चटईक्षेत्रानुसार, म्हणजे भिंतींच्या आतील वापरायच्या क्षेत्रानुसार, मोटारी व दुचाकींसाठी किती जागा सोडायच्या हे सांगितले आहे, आणि शहराच्या वर्गानुसार हे प्रमाण कमी-जास्त होते. हे नियम आवश्यक होते यात शंका नाही. परंतु ते इमारत मोजतात, वस्ती मोजत नाहीत. तीस बाय पन्नासच्या भूखंडांवर आधीच बांधलेल्या हजारो घरांना आणि त्यांच्या पाहुण्यांना, भाडेकरूंना, गल्लीतल्या शिकवणी वर्गांना व दवाखान्यांना त्यात उत्तर सापडत नाही. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने, म्हणजे परवानगीविना पाडलेले लहान भूखंड दंड घेऊन नियमित करणाऱ्या कायद्याने, आणि २०२१ मध्ये त्याची मुदत २०२० अखेरपर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवल्याने मालकी पक्की झाली, पण त्यामुळे रस्ता रुंद होत नाही.

घरासोबत वाहनाची जागा सक्तीची करण्याचा मार्ग जगात बराच जुना आहे; अमेरिकेतील कोलंबस शहराने १९२३ मध्येच बहुघरांच्या इमारतींना तो लागू केला होता. जपानने १९६२ मध्ये उलट टोकाने सुरुवात केली आणि गाडी घेणाऱ्यानेच जागेचा पुरावा द्यावा असा कायदा केला. महाराष्ट्रातही २०२५ मध्ये परिवहन खात्याच्या पातळीवर अशाच अटीचा विचार जाहीर झाला. जपानचा मार्ग महानगराला मानवेलही, पण यवतमाळच्या बाबतीत त्याची कठोर बाजू लक्षात घ्यावी लागते, कारण येथे ज्याच्याकडे मोठा भूखंड त्याच्याच नावावर गाडी अशी स्थिती त्यातून येईल आणि भाड्याच्या खोलीत राहून मालवाहू ऑटो चालवणारा माणूस, ज्याचे पोट त्या वाहनावर आहे, तोच प्रथम अडेल. त्यापेक्षा सामाईक जागेचा जुना वऱ्हाडी मार्ग अधिक न्याय्य दिसतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११७ ने शासनाला किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून वाहने थांबण्याच्या जागा ठरवण्याचा अधिकार दिलेलाच आहे, आणि तो चौकापुरता न ठेवता लेआउटपर्यंत नेता येतो.

हा मार्ग जिल्ह्यातील लहान गावांना अजून खुला आहे. २०१५ च्या सुमारास कळंब, राळेगाव, बाभूळगाव, मारेगाव, झरी जामणी आणि महागाव या तालुक्यांच्या गावी ग्रामपंचायती जाऊन नगरपंचायती आल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या रेल्वेमार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा सुरू झाला, वर्धा ते नांदेड राष्ट्रीय महामार्ग आधीच चौपदरी झाला आहे, आणि अशा मार्गांलगत भूखंडांचे फलक लागायला वेळ लागत नाही. महसूल संहितेत नंतर आलेल्या कलम ४२-ड मुळे गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरांच्या आतील जमिनीचा अकृषक वापर अधिक सोपा झाला आहे. या पट्ट्यातच बहुतेक गावांचे जुने आखर आणि पांदणींची तोंडे असतात. लेआउटचा नकाशा तपासताना पांदण रस्त्यात विलीन न करता तिची पूर्ण रुंदी राखली, आणि दहा टक्क्यांच्या खुल्या जागेला हात न लावता आखराइतका एक तुकडा गल्लीच्या तोंडाशी वाहनांसाठी वेगळा नोंदवून तो पहिल्या भूखंडाच्या विक्रीआधी नगरपंचायतीच्या नावे चढवला, तर जमीन पाडणाऱ्याचे एक-दोन भूखंड कमी होतील. यवतमाळच्या जुन्या लेआउटांत ती जागा आज कोणत्याही किमतीला मिळत नाही. कळंब आणि राळेगावच्या शिवारात ती अजून तुरी-कपाशीखाली मोकळी आहे.